येथे मयत इसम राहतो

‘उंची पाच फूट दोन इंच’ एवढं वाचलं आणि दत्ताराम आडवणकर खुर्चीतून उठून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. शनिवारची दुपार होती. मोजणी कचेरी अर्ध्या दिवसानं सुटून तो नुकताच घरी आला होता आणि आत त्याची बायको रत्नप्रभा पान वाढत होती. स्वतःची उंची मोजून बघायची त्याला काही गरज नव्हती. नोकरीला लागताना डॉक्टरनं ती कागदावर लिहिली होती आणि पंचवीस वर्षांत ती काही वाढलेली नव्हती. पाच फूट दोन इंच. सगळे आडवणकर खुजेच. तरीही त्यानं डोक्यावर तळहात आडवा धरला, तसाच चौकटीला टेकवला आणि बाजूला होऊन त्या जागेकडे बघत राहिला. शंभर वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या अंमलदारानं एका माणसाला असंच कुठल्यातरी खांबाशी उभं करून मापलं होतं आणि ते माप आज अंधेरीत येऊन याच्या डोक्याला बरोबर लागलं होतं. ‘‘आमटी निवतेय,’’ रत्नप्रभा आतून म्हणाली. ‘‘आणि दाराशी काय करताय?’’ ‘‘पाठ धरलीय,’’ तो म्हणाला. खोटं बोलायला त्याला वेळ लागत नसे. कचेरीच्या खिडकीवर रोज वीस जणांना ‘साहेब नाहीत’ सांगून जीभ सरावली होती.

पत्र मॉरिशसहून आलं होतं. लिहिणारा लक्ष्मण गुणाजी नावाचा शाळामास्तर. ‘गुणाजी’ हे त्याचं आडनाव. बोटीतून उतरलेल्या मजुराचं नाव तिकडच्या दप्तरात जसं पडलं तेच त्याच्या मुलानातवंडांचं आडनाव होऊन बसलं होतं. गाव, कूळ, सगळं धक्क्यावरच राहिलं होतं. अक्षर मोठं आणि जपून काढलेलं, भाषा पोथीतली. आडवणकर कुलमंडळानं दोन वर्षांपूर्वी एका मासिकात निवेदन दिलं होतं की कुलवृत्तांत छापायचा आहे, सर्व कुलबंधूंनी आपापली माहिती पाठवावी; खाली सही, चिटणीस दत्ताराम आडवणकर. ते मासिक हातोहात फिरत त्या बेटावर पोचलं आणि ‘आडवण’ हे गावाचं नाव वाचून मास्तर सुट्टीच्या दिवशी जुन्या मजुरांच्या वह्या असलेल्या कचेरीत जाऊन बसला. तिथली नोंद त्यानं रकान्यानुसार उतरवून पाठवली होती. गुणाजी. बापाचे नाव सोनजी. वय चोवीस. जात मराठा. गाव आडवण, जिल्हा रत्नागिरी. उंची पाच फूट दोन इंच. डाव्या भिवईवर जुना व्रण. आला सन १८५६. आणि शेवटच्या रकान्यात दुसऱ्या शाईनं, सन १८६९, मुंबईस परत.

‘‘पणजोबा भावास भेटून सहा महिन्यांत येतो असे सांगून गेले,’’ मास्तरनं लिहिलं होतं, ‘‘ते आले नाहीत. पणजीने शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही, कारण ते वारले असे कोणी सांगितले नव्हते. आम्ही आज त्रेचाळीस माणसे आहो. त्यांचे श्राद्ध करू शकत नाही, कारण तिथी ठाऊक नाही. ते कोठे वारले आणि कोणत्या तिथीस, एवढे कळवावे. आमची नावे पुस्तकात घालता आली तर घालावी, न आली तरी राहो. तिथी मात्र कळवावी.’’

दत्ताराम जेवला. काय जेवला ते त्याला आठवलं नसतं. हा गुणाजी त्याच्या चांगला ओळखीचा होता. कुलवृत्तांताच्या हस्तलिखितात नवव्या पानावर तो दत्तारामच्याच वळणदार अक्षरात मरून पडला होता: ‘गुणाजी सोनजी. समुद्रात बुडून मयत. निपुत्रिक.’ खालच्या ओळीत त्याचा धाकटा भाऊ विठोजी, सगळ्या आडवणकरांचा मूळपुरुष, आणि त्या दोघांविषयी दत्तारामनं स्वतःच्या पदरचं वाक्य घातलं होतं की बंधुप्रेम हा आडवणकरांचा कुलधर्मच होय. त्या वाक्यावर मंडळाच्या सभेत टाळ्या पडल्या होत्या. बाकी काम मात्र त्यानं चोख केलं होतं. त्याला मोडी येत होती, पाहणीची दप्तरं वाचायचा पंचवीस वर्षांचा सराव होता, रत्नागिरीच्या कचेरीतल्या एका स्नेह्याकडून त्यानं गावच्या जुन्या मोजणीच्या नकला मागवल्या होत्या आणि गावच्या भटजींच्या घरची वहीसुद्धा बघून घेतली होती. त्या वहीत सन १८६७ साली विठोजीनं गुणाजीचा पालाशविधी केल्याची नोंद होती. माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याचा पत्ता लागला नाही की पळसाच्या पानांचं शरीर करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि ते जाळून मोकळे होतात. दत्तारामनं तेव्हा साल नुसतं उतरवून घेतलं होतं. आता पत्रातलं १८५६ शेजारी ठेवल्यावर त्याला दिसलं की बारा वर्षं भरलीच नव्हती. आणि त्याच साली, पावसाळा संपल्यावर, गावात सरकारची पहिली पाहणी लागली होती. साखळी घेऊन मोजणीदार यायच्या आत घरात एक माणूस कमी करायचा होता. एक्केचाळीस नंबरचं शेत एकट्या विठोजी सोनजीच्या नावावर लागलं.

पण खरा कागद दुसराच होता. शेत मोजताना मोजणीदार आकृतीच्या कडेला दिसेल ते लिहीत जातो, विहीर, आंबा, बांध, पायवाट. त्याला टिपण म्हणतात. सन १८७४ साली एका बांधाच्या तंट्यावरून एक्केचाळीस नंबर पुन्हा मोजला गेला होता आणि त्या टिपणाच्या उत्तर कडेला मोडीत लिहिलं होतं: ‘बांधालगत मांगर एक. येथे मयत इसम राहतो. गुणाजी सोनजी.’ मांगर म्हणजे शेतावरची गवतानं शाकारलेली खोप. दत्तारामनं हे दोन वर्षांपूर्वी वाचलं तेव्हा तो खो खो हसला होता. कचेरीत सगळ्यांना नेऊन दाखवलं होतं, बघा, आपल्या पूर्वसूरींची घाई, मेलेल्याला खोपीत बसवला. मग कुलवृत्तांतासाठी स्वच्छ प्रत करताना त्यानं ते दुरुस्त केलं: ‘मांगर एक. गुणाजी सोनजी, मयत.’ मधलं वाक्य गाळलं. त्याला ते चूक वाटलं होतं, दुसरं काय. आता शनिवारच्या दुपारी, समोर पत्र ठेवून, त्याला कळलं की त्या मोजणीदारानं काडीचीही चूक केली नव्हती. घरच्यांनी त्याला सांगितलं असणार की थोरला मेला, विधी झालाय, भटाला विचारा. आणि खोपीच्या दारात पाच फूट दोन इंचांचा, भिवईवर व्रण असलेला माणूस बसलेला त्याला दिसत असणार. तो सरकारचा माणूस. त्यानं ऐकलं तेही लिहिलं आणि पाहिलं तेही लिहिलं.

मग पानाची गोष्ट आपोआपच आली. लहानपणी मे महिन्यात दत्ताराम आणि त्याचा भाऊ बाळा गावी जात. दर अमावास्येला मोठी काकी एक पान वाढून एक्केचाळीस नंबरच्या उत्तरेच्या बांधावर नेऊन ठेवी आणि मागं न बघता परत येई. थळाची वाडी, म्हणत, म्हणजे शेताच्या राखणदाराचा नैवेद्य. गावात सगळेच राखणदाराला देत. पण बाकीच्यांच्या राखणदाराला नारळ आणि कोंबडा लागे, आडवणकरांच्या देवाला साधा भात, सोलाची कढी, तळल्या माशाचा एक तुकडा, वर पानसुपारी आणि चिमटीभर तंबाखू. पावसाळ्यात करवंटीतून विस्तवही नेत. दिवाळीला एक जुनं धोतर. बाळा तेव्हा आठ वर्षांचा असेल. त्यानं विचारलं होतं, ‘‘काकी, देवाक थंडी वाजता?’’ आणि काकीनं त्याच्या थोबाडीत मारली होती. काकीलाही ठाऊक नसणार. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या. आधी रोज जात असेल ते पान, मग तो मेल्यावर आठवड्यानं, मग महिन्यानं. माणूस संपला आणि देव उरला. शास्त्रात तर सोय होती. पालाशविधी झालेला माणूस जिवंत परत आला तर त्याला नवजात मुलासारखं न्हाऊ घालतात, बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करतात आणि घरात घेतात. भटजींच्या वहीत तसली काही नोंद नव्हती. विठोजीला सोय माहीत नव्हती असं नाही, सोय करायची नव्हती. पुन्हा जन्मलेल्या भावाला शेतातही पुन्हा वाटा द्यावा लागतो. त्यापेक्षा भात स्वस्त.

आणि मूळपुरुषाला शिव्या घालायचा दत्तारामला काय अधिकार होता? हा विचार दुपारभर दाराबाहेर उभा होता, त्यानं त्याला आत घेतला नाही. संध्याकाळी घेतलाच. बाळा काही मेलेला नव्हता. तो वर्सोव्याला राहत होता, अंधेरी स्टेशनवरून बसनं वीस मिनिटांवर, बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. एकोणचाळीस साली त्यानं सुगंधा नावाच्या कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं. वडील मिलमधून जॉबर म्हणून निवृत्त होऊन अंधेरीला हे घर बांधून राहिले होते. जातीत, मंडळात, गावात त्यांना मान होता. बातमी कळली त्या सकाळी ते मोरीत जाऊन बसले आणि दत्तारामला म्हणाले, ‘‘पाणी घाल.’’ दत्तारामनं दोन घागरी त्यांच्या डोक्यावर ओतल्या. ‘‘तेच्या नावान आंघूळ केलंय,’’ म्हातारा थरथरत म्हणाला. ‘‘आजपासून माका एकच झील.’’ रागाच्या भरात माणूस बोलतो. पण चार वर्षांनी म्हातारा गेला, वारसाची चौकशी करायला अंमलदार घरी आला, आणि दत्तारामनं रागात नव्हे, शांतपणे, शपथेवर जबाब दिला की मयतास मी एकच मुलगा. पंचांनी सह्या केल्या. तेही मंडळातलेच. कुलवृत्तांत लिहिताना पुन्हा प्रश्न आला तेव्हा त्यानं स्वतःच्या नावाखाली लिहिलं, ‘बाळकृष्ण. मयत. निपुत्रिक.’ त्या निपुत्रिकाला दोन मुली होत्या. पुस्तकात एक आणि उताऱ्यावर दुसरं असं करून चालत नाही, हे कारकुनाला कुणी शिकवावं लागत नाही. आता मास्तरला खरं लिहायचं तर नववं पान फाडावं लागणार, नववं पान फाडलं की कुणीतरी बाळाचं शेवटचं पान काढणार. खोटी शपथ. घर तर जाईलच, मोजणी कचेरीतली नोकरी आणि पाच वर्षांवर आलेलं पेन्शनही जाईल.

रविवारी सकाळी तो वर्सोव्याला गेला. रत्नप्रभेला सांगितलं, मंडळाचं काम आहे. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि धुवायचे कपडे उचलून ती आत निघून गेली. सोळा वर्षांत तो त्या बाजूला कधी गेला नव्हता. बसमधून उतरल्यावर सुक्या मासळीचा वास आला आणि आपल्याला भूक लागलीय हे जाणवून त्याला स्वतःचाच राग आला. घर शोधावं लागलं नाही, ‘बर्फवाला बाळा’ सगळ्यांना माहीत होता. तो बाहेर बांबूंवर बोंबील वाळत घालत होता, गंजीफ्रॉकवर, डोकं निम्मं टकलं झालेलं. वडिलांसारखा दिसत होता. दत्तारामला बघून त्यानं हातातले बोंबील टाकले नाहीत. एकेक अडकवून संपवले, हात पुसले आणि म्हणाला, ‘‘कोण गेलं?’’

‘‘कुणी नाही. सहज आलो.’’

‘‘सहज?’’ बाळा हसला. ‘‘बस. सुगंधा, चहा टाक गं. थोरले भावजी आलेत.’’ सुगंधा दारात आली, पदर सावरला, एकदा नीट बघून घेतलं आणि आत गेली. तिनं चहा आणला, सोबत बशीत चहात बुडवायचे कडक बटर आणले आणि पुढं ठेवताना म्हणाली, ‘‘घ्या. आमच्यात चालतंय ना?’’ तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दत्तारामनं पत्राची सगळी हकिकत सांगितली. सांगताना तो रंगला, हे त्याचं त्यालाच कळत होतं; टिपणातलं वाक्य सांगताना तर तो बाळाच्या चेहऱ्याकडे बघत थांबला. बाळा चहा पीत ऐकत होता. ‘‘म्हणजे काकीचा देव जेवायचा,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘मला वाटलंच होतं. फुकट मार खाल्ला मी.’’ मग दोघंही हसले. सोळा वर्षांत पहिल्यांदाच ते एकत्र हसले आणि दत्तारामला एवढं बरं वाटलं की ज्यासाठी आला होता ते तो बोलून गेला. ‘‘बाळा, मी तुझं नाव घालतो पुस्तकात. सुगंधाचं, मुलींचं. नीट घालतो. मंडळात होईल थोडी बोंबाबोंब. होऊ दे.’’

‘‘पुस्तकात घालणार,’’ बाळा म्हणाला. ‘‘आणि कचेरीत?’’

दत्तारामनं बशीतला बटर उचलला आणि परत ठेवला.

‘‘मी आलो होतो तुझ्या कचेरीत. चव्वेचाळीस साली. घराच्या उताऱ्यासाठी अर्ज केला. तू खिडकीवर होतास.’’

‘‘गर्दी असते रे.’’

‘‘गर्दी नव्हती. मी एकटाच होतो. अर्जावर माझं नाव होतं, बापाचं नाव होतं. तू वाचलंस. मग मान खालीच ठेवलीस आणि म्हणालास, चार दिवसांनी या. ‘या’ म्हणालास मला. चार दिवसांनी आलो तर उतारा तयार, शिक्का मारून. वाचला. एकच मुलगा. पुन्हा मान खालीच.’’

दत्तारामला आठवलं. विसरला कधी होता? खिडकीच्या फळीवर आलेला तो हात, नखात काळं वंगण, अंगठ्यावर लहानपणी विळी लागल्याची खूण. त्यानं फक्त हात बघितला होता. हातावरून माणूस ओळखला नाही असं स्वतःला सांगायला अकरा वर्षं लागली होती आणि आता ती फुकट गेली.

‘‘मला घर नको,’’ बाळा म्हणाला. ‘‘तेव्हा हवं होतं. पोरगी आजारी होती, जागा ओली होती. आता नको. पण पुस्तकात नाव घालून मला काय बांधावर पान वाढतोस? तुझं मन हलकं करायला मी जिवंत होऊ? नाही रे बाबा. तिथं मेलोय तो बरा आहे. इथं रेशनकार्डावर माझं नाव आहे, तेवढं पुरे.’’ तो उठला, बांबूवरचा एक बोंबील सरळ केला. ‘‘त्या मास्तरला मात्र खरं लिही. त्याला काही नको आहे रे, तिथी विचारतोय बिचारा.’’

‘‘तिथी कुठेच नाहीये. आधीच मेलेल्याची कोण नोंद करणार?’’

‘‘मग तेच लिही.’’

‘‘लिहितो,’’ दत्ताराम म्हणाला. परतीच्या बसमध्ये त्याला वाटत होतं की त्याला फार वाईट वाटतंय. अर्धी वाट सरेपर्यंत तो त्या वाईट वाटण्याला धरून बसला. पण आत दुसरंच काहीतरी होतं, ते अंधेरी जवळ आल्यावर त्याला नाइलाजानं ओळखावं लागलं. बाळा नको म्हणाला होता. स्वतःच्या तोंडानं, साक्षीला बायको असताना, नको म्हणाला होता. दत्तारामला सुटल्यासारखं वाटत होतं. बांधावर पहिलं पान ठेवून परत येताना विठोजीला असंच हलकं वाटलं असेल, त्या रात्री त्याला गाढ झोप लागली असेल, हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की तो एक स्टॉप आधीच उतरला आणि उन्हातून चालत घरी गेला.

खरं पत्र त्यानं लिहायला घेतलं. तीन वेळा घेतलं. ‘मांगर’ या शब्दापर्यंत ते छान येई. तिथून पुढं ‘का’ आलं की पेन थांबे, कारण त्या ‘का’चं उत्तर त्याला एखाद्या कागदावरून नव्हे, आतून माहीत होतं. चौथ्या वेळी त्यानं कागद बदलला आणि पेन आपोआप चालू लागलं. ‘‘आपले पणजोबा कै. गुणाजी सोनजी हे सन १८६९ साली सुखरूप गावी पोचले. बंधू विठोजी यांनी त्यांचे अत्यंत प्रेमाने स्वागत केले. परत निघण्याच्या तयारीत असता त्यांस ज्वर आला व कार्तिक वद्य पंचमीस, राहत्या घरी, बंधूंच्या मांडीवर मस्तक ठेवून त्यांनी देह ठेवला.’’ पंचमी का, ते त्याला सांगता आलं नसतं. त्रेचाळीस माणसांना पोटभर रडायला काहीतरी हवं होतं, ते त्यानं दिलं. आपण दया केली असं त्याला वाटलं आणि असं वाटतंय म्हणून थोडी किळसही आली. पाकीट त्यानं स्वतः नेऊन पेटीत टाकलं.

दोन महिन्यांनी मास्तरचं उत्तर आलं. मंडळाची सभा मुलुंडला एका सभासदाच्या घरी होती, कुलवृत्तांताची मुद्रितं तपासायला. अध्यक्ष म्हणाले, ‘‘दत्ताराम, ते परदेशचं पत्र वाच रे सगळ्यांना. प्रस्तावनेतच घालू.’’ दत्ताराम उभा राहून वाचू लागला. तिकडे त्यांनी कार्तिक वद्य पंचमी पाळली होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जमले होते. पणजीच्या नावानं पहिल्यांदा कुणी रडलं होतं. ‘‘आमचे पणजोबा परक्यात मेले नाहीत, भावाच्या मांडीवर गेले, हे वाचून माझे वडील, वय एकोणऐंशी, म्हणाले की आता मी सुखाने मरतो. असे भाऊ ज्या कुळात झाले त्या कुळाचे आपण आहो, हे मुलांस रोज सांगतो.’’ इथं दत्तारामचा आवाज फुटला. त्याला पुढं वाचवेना. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, कुणीतरी त्याला पाणी दिलं, अध्यक्ष म्हणाले, ‘‘मन हळवं आहे हो याचं, पहिल्यापासूनच.’’ आणि खरोखरच त्याला रडू आलं होतं, खोटं रडू त्याला कधी जमलंच नसतं. ज्यांनी पंच म्हणून सह्या केल्या होत्या ते दोघं वरच्या पंख्याकडे बघत होते.

मग चहा झाला आणि सहचिटणीस श्यामसुंदर, कामाचा माणूस, मुद्रितांचा गठ्ठा घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला. ‘‘दत्तारामभाऊ, शेवटच्या फर्म्यात एकच जागा कोरी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘प्रत्येक मयतापुढे आपण तिथी घातलीय. तुमच्या धाकट्या भावापुढे राहिलीय बघा. बाळकृष्ण. प्रेसवाला उद्याच मागतोय. आठवते का?’’

दत्तारामनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. क्षणभर आठवत असल्यासारखं केलं. मग त्यानं तिथी सांगितली आणि श्यामसुंदरनं ती लिहून घेतली.